रात्री दात घासण्याचा पाठ आपण दिलाच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत ३२ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. या काळात रोज परिपाठ संपला की मी वर्गाला एक प्रश्न विचारत असे, "दात घासून आलेत का सगळे?" सगळे हात वर जायचे. एखादा हात खाली राहिला, तर त्या मुलाला शाळेच्या नळावर पाठवून चूळ भरायला लावत असे आणि आपले कर्तव्य झाले असे समजत असे. पण "काल रात्री झोपण्यापूर्वी दात घासले होते का?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. वर्गाच्या भिंतीवरच्या 'चांगल्या सवयी' या तक्त्यातही दात घासणाऱ्या मुलाच्या मागे खिडकीतून उगवता सूर्यच दिसायचा. दात घासणे हे सकाळचे काम, हे आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून मुलांच्या मनावर इतके पक्के बिंबवले, की ते रात्रीही करायचे असते ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. ही चूक मला माझ्याच घरात, माझ्या नातवाच्या दाढेत पाहावी लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नातू सात वर्षांचा, दुसरीत शिकणारा. गेल्या हिवाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास तो गाल धरून रडत उठला. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून कशीबशी सकाळ केली आणि तालुक्याच्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी दिवा जवळ ओढला, छोटा आरसा नातवाच्या तोंडात धरला आणि मला वाकून पाहायला सांगितले. खालच्या बाजूची सगळ्यात मागची दाढ वरून पांढरीच दिसत होती, पण तिच्या मधल्या खाचेत मोहरीएवढा काळा ठिपका होता आणि त्याच्याभोवतीचा भाग खडूसारखा निस्तेज झाला होता. "आतून बरीच पोखरली आहे," ते म्हणाले. मी सहज बोलून गेले, "दुधाचीच आहे ना, पडेल आणि नवी येईल." त्यावर त्यांनी एकेक दात मोजून दाखवला. ती दाढ दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे ही दाढ कुठलाही दात न पडता गुपचूप उगवते, त्यामुळे घरात कुणाला तिचा पत्ताच लागत नाही, आणि ती कायमची असते. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती. दाढ वाचली, पण त्यासाठी पाच खेपा झाल्या, आणि दर खेपेला खुर्चीत बसताना त्याने माझी दोन बोटे घट्ट आवळून धरलेली असत.

नातू रोज सकाळी न चुकता दात घासायचा. मग असे का झाले, हे डॉक्टरांनी त्याच्या रात्रीच्या जेवणाबद्दल विचारले तेव्हा उलगडले. जेवण झाल्यावर नऊच्या सुमारास मी स्वतः त्याला साखर घालून कोमट दूध देत असे, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असत. आजीच्या मायेने दिलेले ते दूध रात्रभर त्याच्या दाढेच्या खाचेत राहत होते.

'कीड' या शब्दाने आपली फार दिशाभूल केली आहे. दातात खरोखरच एखादी अळी शिरते अशा समजुतीने भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. प्रत्यक्षात तोंडातले जिवाणू दातांवरच्या चिकट थरात राहतात, आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. हे आम्ल धुऊन काढणारी, त्याचा जोर कमी करणारी आणि गेलेली खनिजे पुन्हा दातात भरून देणारी गोष्ट म्हणजे आपली लाळ. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. खाल्ल्यानंतर अर्ध्या ते एक तासात ती तोंड पूर्वपदावर आणते. म्हणूनच एकदा बसून दोन लाडू खाण्यापेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोळी, बिस्किट किंवा गोड चहा घेत राहणे दातांना अधिक बाधते, कारण लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. झोपेत तर ही लाळ जवळजवळ थांबते. जो कण दुपारी तोंडात राहिला असता तर लाळेने त्याचा बंदोबस्त केला असता, तोच रात्री राहिला की त्याला सात-आठ तास मोकळे रान मिळते. दिवसात एकदाच दात घासायचे असतील तर ते रात्री घासावेत, असे मी आता सांगते ते एवढ्यासाठीच. अर्थात घासायचे दोनदाच.

माझ्या बोलण्यावर काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, की रात्री ब्रश करणे हे साहेबाचे खूळ आहे, आपल्या पूर्वजांनी सकाळी एकदाच दातवण केले आणि त्यांचे दात ऐंशीव्या वर्षीही शाबूत होते. या मंडळींना मी आदरपूर्वक सांगू इच्छिते, की आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेले आपण नीट वाचलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवणाविषयी सांगताना 'द्वौ कालौ' असे शब्द आहेत, म्हणजे दातवण दोन वेळा करायचे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना सकाळी आणि भोजनानंतर अशा दोन्ही वेळा स्पष्ट दिल्या आहेत. शिवाय काडीचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, हेही तेथे आहे. कडुनिंबाची, बाभळीची काडी आपण लक्षात ठेवली, वेळ मात्र त्यातली एकच ठेवली. आणि पूर्वजांच्या घरात झोपण्यापूर्वी साखरेचे दूध, रात्री दूरदर्शनसमोर बिस्किटांचा पुडा आणि शाळेच्या वाटेवर रंगीत गोळ्यांची दुकाने नव्हती, हेही विसरता येत नाही.

सकाळच्या बाबतीत मला नेहमी विचारले जाते, की ब्रश चहाच्या आधी करावा की नाश्त्यानंतर. आपल्याकडे तोंड धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही अशी घराघरांतली शिस्त आहे आणि ती मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. उठल्याबरोबर दात घासल्याने रात्रभर साचलेला थर निघतो आणि पेस्टमधले फ्लोराइड दातांवर बसते. नंतर चहा-पोहे झाले की पाण्याने चूळ भरावी. ज्यांना नाश्त्यानंतरच घासायचे असेल त्यांनी तसे करावे, पण सकाळी लिंबूपाणी, संत्री किंवा आवळ्याचा रस घेतला असेल तर अर्धा-पाऊण तास थांबावे. आंबट पदार्थाने दाताचे आवरण काही काळ मऊ पडलेले असते आणि त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तेच घासले जाते. उलटी झाल्यावरही आधी नुसती चूळ भरावी, ब्रश नंतर करावा.

चुळीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. जेवून उठल्यावर मोरीवर जाऊन तांब्यातल्या पाण्याने खळखळून चूळ भरण्याची आपली पद्धत उत्तम आहे, आणि हल्ली हात धुऊन तोंड तसेच ठेवण्याची जी सवय लागत चालली आहे तिचे मला वाईट वाटते. मात्र ब्रश केल्यानंतर हीच पद्धत उलटी पडते. आपण तोंडातला फेस पूर्ण जाईपर्यंत चार-पाच चुळा भरतो आणि ज्या फ्लोराइडसाठी पेस्ट वापरली तेच मोरीत सोडून देतो. फेस थुंकून टाकावा, ओठ पुसावेत आणि झोपावे. रात्रभर ते फ्लोराइड दातांवर राहिले तर झिजलेल्या जागी खनिजे परत बसायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला, यावरून तिचे मोल कळावे. आपल्याकडे पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते. १००० पीपीएम हा आकडा दिसतो का, हे घेताना एकदा वाचावे. दुकानदाराने दिली ती पिशवीत टाकली, असे करू नये.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे तेथील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. अशा गावांतल्या पालकांनी लहान मुलांच्या पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्या मुलांना 'दात घासत नाहीस' म्हणून वर्गात उभे करू नये. ते डाग पाण्याचे आहेत, कितीही घासले तरी जाणार नाहीत.

कितीही घासण्याचा हा हव्यासही घातक आहे. राखुंडी, विटेची पूड, बारीक वाळू, मीठ-कोळसा यांनी दात चकचकीत होतात असे वाटते, पण ती चमक आवरण झिजल्याची असते. ब्रश हातात आला तरी आपला हात पितळी भांडे घासावे तसाच आडवा आणि जोरात चालतो. हिरडीजवळ दाताला कुऱ्हाडीचा घाव बसल्यासारखी खाच पडते, मग गार पाणी तोंडात घेतले की दात शिवशिवतात. माझ्या स्वतःच्या डाव्या बाजूच्या दोन दातांना अशी खाच आहे, कारण मी उजव्या हाताने घासते आणि जोर डावीकडे पडतो. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, तो हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरावा, जागच्या जागी हलका हलवत पुढे सरकावे आणि आतली बाजू विसरू नये. एवढे नीट करायला दोन मिनिटे लागतात. ब्रशचे केस फाकले, किंवा तीन-चार महिने झाले, की तो बदलावा. फाकलेला ब्रश कंगवे धुवायला चांगला.

आता मिश्रीबद्दल, जिला काही भागांत मशेरी म्हणतात. हा विषय नाजूक आहे, पण तो टाळून दात घासण्याबद्दल लिहिणे आपल्या भागात तरी अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई दिवस मावळायच्या सुमाराला चुलीवर जुना तवा ठेवून तंबाखूची पाने भाजत असत. पाने काळीठिक्कर होईपर्यंत त्या तवा हलवत, मग हाताने चुरून ती पूड एका छोट्या डबीत भरत. त्या ठसक्याने आमच्या घरातही खोकला सुरू व्हायचा. त्यांना कुणी विचारले, की दात किती वेळा घासता, तर त्या खरेपणाने सांगत, "चार येळा." सकाळी, जेवल्यावर, दुपारी आणि रात्री निजताना. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके चढते, असे त्यांना वाटे. ते तंबाखूच्या व्यसनाचे लक्षण आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते, कारण मिश्री लावणे हे घरात व्यसन मानलेच जात नव्हते, ते दात घासणे मानले जात होते. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे, आणि गालाच्या आत व हिरडीवर रोज लावलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला हा नियम कसा पोचणार? तेथे आशाताई, अंगणवाडीताई आणि घरातली शिकलेली मुलगी यांनीच पोचायला हवे. एखादी बाई रोज चार वेळा दात घासते असे सांगत असेल, तर कशाने घासते, हा पुढचा प्रश्न आरोग्य तपासणीत आवर्जून विचारला जावा.

रात्री दात का घासले जात नाहीत, याचे कारण केवळ आळस आहे असे मला वाटत नाही. आमच्या गावाकडच्या घरात मोरी अंगणात होती, ब्रश तेथेच दगडाच्या खोबणीत खोचलेले असत. रात्री अंधारात, थंडीत, विंचूकाट्याच्या भीतीने तेथे कोण जाणार? मुलांना तर आम्हीच जाऊ देत नसू. नातवाच्या प्रसंगानंतर मी एवढेच केले, की सगळ्यांचे ब्रश एका पेल्यात घालून स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागेजवळ आणून ठेवले. दुसरे म्हणजे झोपायच्या वेळेला ब्रश करायचा हा आग्रह सोडला, कारण दहा वाजता पेंगुळलेल्या मुलाला उभे करणे म्हणजे रोजचे भांडण. आता जेवण झाले की दूध, औषधाचे गोड पातळ, बडीशेप-खडीसाखर, ज्याला जे घ्यायचे ते लगेच उरकायचे. मग शतपावली. जेवणात ताक, सोलकढी किंवा लिंबू असतेच, त्यामुळे शतपावलीच्या निमित्ताने हवा तेवढा वेळही जातो. अंगणातून आत आलो की ओळीने दात घासायचे आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

लहान मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावे लागतात, हेही आपल्याकडे अंगवळणी पडलेले नाही. तीन वर्षांचे मूल ब्रश चघळत बसते आणि आपण कौतुक करतो. पहिला दात दिसल्यापासून घासायला सुरुवात करावी, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलाच्या हाताला हे काम कधी जमेल, याचा माझा शिक्षिकेचा अंदाज असा आहे, की जोपर्यंत त्याला वहीत जोडाक्षर ओळीवर सरळ काढता येत नाही, तोपर्यंत त्याच्या हातात मागच्या दाढेपर्यंत पोचण्याइतके वळण आलेले नसते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत घरच्या कुणीतरी शेवटचा हात फिरवावा. घरातल्या वृद्धांकडेही रात्री लक्ष हवे. कवळी काढून, घासून पाण्यात ठेवावी. मधुमेह असेल त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात राहणे अवघड होते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, अशांना तर लाळेचा आधार दिवसाही कमीच असतो.

शिक्षण विभागाला आणि आरोग्य विभागाला आपल्या वृत्तपत्रामार्फत माझ्या काही विनंत्या आहेत. शाळांतून लावल्या जाणाऱ्या 'चांगल्या सवयी'च्या तक्त्यांवर दात घासणाऱ्या मुलाचे दुसरे चित्र असावे, ज्याच्या खिडकीत चंद्र असेल. परिपाठानंतर स्वच्छतेचा प्रश्न विचारणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी 'सकाळी' आणि 'काल रात्री' असे दोन प्रश्न विचारावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांचे दात पाहतात, त्यांनी पहिली-दुसरीच्या पालकांना बोलावून सहाव्या वर्षाची ती दाढ आरशात दाखवावी, जशी मला दाखवली गेली. मला ती वर्षभर आधी दिसली असती, तर त्या खाचा वेळीच भरून बंद करता आल्या असत्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथील विद्यार्थी गावोगावी शिबिरे घेतात, पण ती बहुधा सकाळी शाळेच्या वेळेत होतात आणि त्यांत आया-आज्या क्वचितच असतात. ही शिबिरे बचत गटाच्या बैठकीला जोडून घेता आली, तर रात्री दुधाचा पेला हातात घेऊन मुलाजवळ बसणाऱ्या बाईपर्यंत ती पोचतील.

नातवाची दुसऱ्या बाजूची दाढ अजून निरोगी आहे. रोज रात्री मी ती त्याला आ करायला लावून विजेरीच्या उजेडात पाहते, आणि आता तो स्वतःच विचारतो, "आजी, पांढरी आहे ना?"

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. कोरेगाव, जि. सातारा